वहीतला नावाचा रकाना

दादा, तुझी वही आता माझ्याकडे आहे.

घरात नाही. घरात तिला जागा मिळाली नाही. सासूबाई सध्या आमच्याकडे आहेत, ब्याऐंशी वर्षांच्या, आणि बायकोनं मला फाटकातच अडवलं. "ते घेऊन आत यायचं नाई. माय हाय घरात." म्हणून तुझं तीस वर्षांचं काम तिवसा रोडवरच्या माझ्या नर्सरीत, शेडमधल्या फळीवर, गांडूळखताच्या पोत्यांशेजारी ठेवलं आहे. तू असतास तर म्हणाला असतास, "बराबर जागा देल्ली बे. दोनीबी कुजवल्याशिवाय तयार होत नाई."

तुझी तेरवी होऊन नऊ दिवस झाले. जो तो म्हणतो, लिहून काढ, मोकळं वाटेल. मोकळं वाटावं म्हणून मी लिहीत नाही. मला एक कबुली द्यायची आहे. वहिनींपुढे ती देऊन झाली, तुझ्यापुढे राहिली. आणि आपलं एक भांडणही अर्धवट राहिलं आहे. त्यात मी हरत आलो होतो आणि तेवढ्यात तू उठून गेलास. अशी जिंकण्याची रीत मला मान्य नाही.

वही कसली, ते आधी सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की ही भुताखेताची गोष्ट आहे. तशी ती थोडी आहेही. तू अकोल्याच्या बसस्टँडवर कंट्रोलर. मी तुझा धाकटा मामेभाऊ, अमरावतीचा, रोपं विकणारा. तुझ्या खिडकीशी दिवसभर बुऱ्हाणपूरचे, आदिलाबादचे, इंदूरचे, अचलपूरचे लोक येऊन गाडीची वेळ विचारत. त्यांना वेळ सांगता सांगता तुला हा नाद लागला. शब्द एकच, अक्षरं तीच, काना-मात्राही तीच. पण या भाषेत अर्थ एक, त्या भाषेत भलताच, आणि बरेचदा दोघांचं मूळही निरनिराळं. असे शब्द तू गोळा करायला लागलास.

नियम तुझे कडक. पुस्तकातला आयता शब्द घ्यायचा नाही. जिवंत माणसाच्या तोंडून ऐकायचा, मगच शब्दकोश उघडून त्याचं मूळ शोधायचं, आणि ज्यानं आणून दिला त्याचं नाव-गाव शेवटच्या रकान्यात लिहायचं. मूळ सापडलं नाही तर 'ठाऊक नाही' असं स्वच्छ अक्षरात. अख्ख्या वहीत सगळ्यांत जास्त वेळा आलेला शब्द तोच आहे. मला त्याचं हसू यायचं. आता त्याच्याबद्दल आदर वाटतो, पण सांगू कुणाला?

आणि तो एक रिवाज. शब्द देणारं माणूस वारलं की त्याच्या नावाआधी तू लाल शाईनं 'कै.' लिहायचास. मुसलमान असेल तर 'मरहूम'. बातमी तुला ड्रायव्हर-कंडक्टरांकडून मिळायची. बातमी आली की तू चहा अर्धा ठेवून खिशातला लाल पेन काढायचास. "शब्द घेतला त्याचा. एवढं तं करा लागते," म्हणायचास.

आदिलाबादच्या त्या आजी आठवतात? गाडीला दोन तास होते आणि तू त्यांना खुर्ची दिलीस. 'कल' म्हणजे त्यांच्या तेलुगूत स्वप्न. हिंदीत 'कल' म्हणजे काल, आणि उद्याही. आपल्या मराठीत 'कल' म्हणजे झुकाव. तू मला भरदुपारी फोन केलास, आवाज असा की लॉटरी लागली. "तिघायचे बाप वेगळे बे! अक्षरं तेवढे एक." दहाव्या दिवशी त्याच गाडीच्या कंडक्टरनं सांगितलं की आजी गेल्या. तू लाल पेन काढलास.

मग अचलपूरचे ते उर्दूचे मास्तर. त्यांनी 'जरा' दिला. आपण म्हणतो 'जरा थांब', तो 'जरा' अरबी-फारसीतून आलेला, कणभर या अर्थाचा. संस्कृतातली 'जरा' म्हणजे म्हातारपण. मास्तर हसून म्हणाले होते, "मेरे पास अब दोनों हैं, थोड़ा भी और बुढ़ापा भी." महिनाभरात मरहूम. मग पातूरचे कीर्तनकार बुवा. त्यांनी 'अवसान' दिला. आपल्या बोलण्यात अवसान म्हणजे अंगातलं बळ, धीर. संस्कृतात अवसान म्हणजे शेवट. बुवांनी तो छान फोड करून समजावला, तुला गूळ-शेंगदाणे खाऊ घातले, आणि पुढच्या एकादशीला ते नव्हते.

मी तुला तेव्हाच म्हटलं होतं, "दादा, हे काही बरं लक्षण नाही."

"कायचं लक्षन? मी म्हाताऱ्यायले इचारतो, म्हातारे मरते. तरन्या पोट्ट्यायले इचारलं असतं तं वही अमर झाली असती."

पण लोकांनी ते तुझ्यासारखं हसण्यावारी नेलं नाही. तुझ्या पुतणीच्या लग्नात तू पंगतीत पेन काढलास आणि पलीकडची सगळी रांग गप्प झाली होती. गोदाआत्यानं तर तोंडावर पदरच घेतला. "सुधाकर, मले काई इचारू नको बा. नातवाचं लगन पाहू दे, मंग वाटलं तं इचार." सगळे हसले, तूही हसलास. पण पंगत उठेपर्यंत तुझ्याशी कुणी पुरतं वाक्य बोललं नाही. मीठ मागायचं ते बोटानं मागत होते.

आपलं भांडण त्याच दिवशी सुरू झालं, परतीच्या रिक्षात. माझं म्हणणं, दोन शब्द अक्षर न अक्षर सारखे दिसतात ते उगाच नाही. कुठेतरी आत धागा असणारच. आणि माणसाचं नाव वहीत जातं, पाठोपाठ माणूस जातो, तेही उगाच नाही.

"तू बसस्टँडवर बसला हायस का कदी?" तू विचारलंस. "एका बाकावर दोन मानसं. दोघायच्या बी डोक्यावर पांढरी टोपी, दोघायच्या बी हातात कापडी पिसोडी. एक चालला बुऱ्हाणपूरले, दुसरा आदिलाबादले. तुले लांबून वाटते भाऊ-भाऊ हायेत. ते एकमेकाले ओळखतबी नाईत बे! बाक एक हाय, बस. अक्षरं मंजे बाक. आन तुयी ती मरनाची गोष्ट, तेबी तसंच. बाजूबाजूनं बसले म्हणून नातं होत नाई."

मी म्हणालो, "पण दरवेळी तेच दोघं शेजारी बसत असतील तर?"

तू उत्तर दिलं नाहीस. बाहेर बघत राहिलास. मला वाटलं, मी जिंकलो. तुझ्यासमोर मी असा फार वेळा जिंकलेलो नाही, म्हणून ती शांतता माझ्या चांगलीच लक्षात आहे. ती कसली होती, ते मात्र दीड महिन्यापूर्वी कळलं असतं तर बरं झालं असतं.

आता कबुली.

मी तुला आजवर सात शब्द दिले. 'साल' दिला : फळाची साल आपली, आणि वर्ष या अर्थाचं साल फारसी. 'पेरू' दिला : आपण खातो तो पोर्तुगिजांकडून आला, आणि तेलुगूत पेरू म्हणजे नाव. 'घास' दिला, तो तर माझ्या नर्सरीतलाच. बैतूलकडच्या मजुराला म्हटलं, "दोन घास खाऊन घे," तर तो माझ्या लॉनच्या गवताकडे बघायला लागला. आपला घास 'ग्रासा'पासून आला, त्याच्या हिंदीतला सरळ संस्कृतातलं गवत. तू खुशीत मांडीवर थाप मारलीस. पण वहीत माझ्या सातही शब्दांपुढे माझं नाव कुठेच दिसत नव्हतं. दरवेळी विचारलं की, "लिवतो ना. वही पळून चालली का?"

मला राग यायचा. पंचावन्न वर्षांच्या माणसानं असल्या गोष्टीचा राग धरू नये, पण मी धरला. अनोळखी प्रवाशाचं नाव दोन मिनिटांत वहीत, आणि सख्ख्या मामाचा मुलगा वेटिंगवर!

मागच्या महिन्यात मोगऱ्याची दोन रोपं घेऊन तुझ्याकडे आलो. तू आंघोळीला गेला होतास. वही टेबलावर, पेन तिच्या पोटात. मी 'घास'चं पान काढलं आणि कोऱ्या रकान्यात लिहिलं : सुधाकर, अकोला. थट्टा म्हणून. तू पाहशील, चिडशील, फोनवर शिव्या घालशील, आणि अखेर ते खोडून माझं नाव लिहिशील, एवढाच माझा डाव होता.

तुझा फोन आला नाही. बाराव्या दिवशी सकाळी वहिनींचा आला. "भाऊजी, हे उठून नाई राह्यले," एवढंच त्या बोलल्या.

तू ते पान पाहिलं होतंस का? पाहून गप्प राहिलास का? हे आता कुणीच मला सांगू शकत नाही. बाकी सगळं सहन होईल असं वाटतं, पण एवढं एक दर सकाळी माझ्या आधी उठून बसलेलं असतं.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे पाहुणे पांगले. मीही पिशवी भरत होतो. वहिनींनी वही आणून माझ्यापुढे ठेवली. "माहा भाऊ म्हणते, हे घरात ठेवू नको. तो उद्या बुऱ्हाणपूरले जाऊन राह्यला, तापीत सोडून देतो म्हणते. सोडू देऊ का?"

दादा, मी 'हो' म्हणणार होतो. तोंड उघडलं होतं. वही तापीत गेली की 'घास'चं पानही जाणार, माझं अक्षरही जाणार. तुझं तीस वर्षांचं काम बुडायला मी तयार होतो. मला काय भीती वाटत होती, तर वहिनी पुन्हा माझ्याशी बोलणार नाहीत, एवढीच.

"पन त्याच्या आंधी एक सच्ची सांगा," त्या म्हणाल्या, आणि नेमकं तेच पान उघडलं. "हे अक्षर त्यायचं नाई. कोनं लिवलं?"

"मी," मी म्हणालो. आणि मग रकान्याचं, रागाचं, थट्टेचं, बारा दिवसांचं सगळं सांगून टाकलं. बोलताना मी पिशवीची चेन उघडत होतो आणि लावत होतो.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमच्या नर्सरीत रोपाईच्या नावाच्या पाट्या कोन लिवते?"

"मीच."

"मंग? सारे मरते का?"

"अर्धी जगतात, अर्धी मरतात."

"तसंच हाय हे," त्या म्हणाल्या. रडल्या नाहीत, हसल्याही नाहीत. मला माफ केलं की नाही, तेही सांगितलं नाही. फक्त वही माझ्यासमोरून स्वतःकडे ओढली आणि पहिलं पान काढलं.

पहिल्या पानावर 'खाली' आहे. ती गोष्ट आमच्या घरात प्रत्येक सुनेला सांगतात. बुऱ्हाणपूरची नवी नवरी, मराठी कच्ची. आत्या, म्हणजे तुझी आई, म्हणाली, "पिठाचा डबा खाली कर," आणि तिनं अख्खा डबा परातीत रिकामा केला. त्याच आठवड्यात 'पीठ' आला. तिची पीठ दुखत होती आणि घरात कुणाला काही कळेना. आपलं पीठ 'पिष्ट' पासून, तिची पाठ 'पृष्ठ' पासून, आणि संस्कृतातलं पीठ म्हणजे बसायचं आसन. तीन घरचे तीन. तुझा नाद सुरूच झाला तो बायकोच्या तोंडून.

त्या शब्दांपुढे नावाच्या रकान्यात कागदाची पट्टी चिकटवलेली. जुन्या तिकिटाची कोरी बाजू वर करून, कडेनं नीट कातरून. मी ती पट्टी आधीही पाहिली होती. चूक झाकली असेल, असं समजत होतो.

वहिनींनी नखानं तिची कड उचलली. खळ वाळली होती, पट्टी अख्खी निघाली. खाली तुझ्या तरुणपणच्या अक्षरात त्यांचं नाव. दुसऱ्या पट्टीखाली त्यांचं नाव. चौथ्या पानावर, 'साल'पुढच्या पट्टीखाली, माझं.

म्हणजे आरंभी तू आमची नावं लिहिली होतीस. आदिलाबादच्या आजी गेल्या, मास्तर गेले, बुवा गेले, आणि मग कधीतरी एका दुपारी तू एकटा बसून आम्हा दोघांना झाकून टाकलंस. त्यानंतरचे आमचे रकाने कोरेच ठेवलेस. बाकी कुणाचं नाव तू झाकलेलं नाही. आम्ही पट्ट्या पुन्हा पुन्हा मोजल्या, कोरे रकानेही तपासले. सगळे आम्हा दोघांचेच.

बाकावरच्या दोन माणसांचं काही नातं नसतं म्हणणारा तू! आम्हाला तेवढं तू त्या बाकावर बसू दिलं नाहीस.

वहिनी म्हणाल्या, "मले वाटे, घरच्या बाईच्या शब्दाले नाव कायले लागते, असं असन त्यायच्या मनात. इतके वर्सं मनात ठेवलं मी. कदी इचारलं नाई." मग एकदम चिडून म्हणाल्या, "इतकं भेव होतं तं सांगाचं ना! दोघं मिळून भेलो असतो."

यावर तुझ्याकडे काय उत्तर आहे?  मी निघालेल्या पट्ट्या गोळा करत बसलो.

"लिवा आता," त्या म्हणाल्या. "माहे जितके रकाने कोरे हायेत तितक्यायच्यात लिवा. तापीत जाऊन नाई राह्यली वही."

"वहिनी, राहू द्या. दादानं काही विचार करूनच..."

"त्यायनं माह्यासाठी इचार केला. मले इचारून नाई केला. लिवा. शकुंतला, बुऱ्हाणपूर. अकोला नका लिवू. शब्द माह्या माहेरचे हायेत."

मी पेन उघडलं. तेव्हा एक गोष्ट दिसली, जी इतक्या वर्षांत दिसली नव्हती. वहीतल्या प्रत्येक नावाआधी तू बोटभर जागा सोडली आहेस. जिवंत माणसाचं नाव लिहितानाच सोडलेली. कशासाठी, हे बोलावं लागलं नाही. वहिनींनाही ती दिसली होती. मी पेन अगदी रेघेला चिकटवून टेकवलं.

"जागा सोडा," त्या म्हणाल्या. "सगळ्यायले सोडली, मले काऊन नाई?"

एकोणीस वेळा लिहिलं, दादा. एकोणीस वेळा जागा सोडून. मी घाईघाईनं लिहीत होतो, तर वहिनी मधेच म्हणाल्या, "नीट लिवा, नाई तं 'बुऱ्हाणपूर'चं दुसरंच गाव होईन."

शेवटी त्यांनी विचारलं, "आन तुमचे?"

"घरी जाऊन लिहितो," मी म्हणालो. वही पिशवीत घातली आणि साडेतीनची गाडी धरली. तुझ्या मामेभावाचं शौर्य एवढंच.

तेव्हापासून रोज सकाळी सातला मी वहिनींना फोन करतो. पहिल्या दिवशी मोगऱ्याला पाणी घातलं का, हे विचारलं. दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे वीज आहे का. तिसऱ्या दिवशी काही सुचेना तर अमरावतीचं तापमान सांगितलं. फोन वाजत राहतो, एक, दोन, तीन, आणि तेवढ्या वेळात मी शेडच्या दारात उभा असतो. परवा तर बऱ्याच वेळानं उचलला. मी काही बोलायच्या आत पलीकडून आवाज आला, "जित्ती हाओ, भाऊजी. दूध उतू जाऊन राह्यलं, ठेवा फोन."

आज दुपारी नर्सरीत कुणी नव्हतं. वही फळीवरून काढली. 'घास'चं पान उघडलं. तिथं तुझं नाव आहे आणि ती नोंद खोटी आहे. शब्द तू दिलेला नव्हता. तीस वर्षं 'ठाऊक नाही' लिहिणाऱ्या माणसाच्या वहीतली ती एकमेव खोटी नोंद, आणि ती माझी. तिच्या आधी लाल शाईनं 'कै.' लिहिणं माझ्यानं होत नव्हतं. ते न लिहिता ती तशीच ठेवणंही होत नव्हतं.

मी तुझं नाव खोडलं. एकच सरळ रेघ, तू मारायचास तशी, खालचं वाचता येईल अशी. शेजारी माझं नाव लिहिलं आणि अमरावती. 'साल'पुढे तू लिहिलेलं होतंच, उरलेल्या पाचांपुढेही लिहिलं. जागा सोडली, बोटभर, थोडी जास्तच. आता ही वही जवळजवळ सगळी तुझ्या अक्षरात आहे, आणि खोडलेलं सोडलं तर तू तिच्यात कुठेही नाहीस. तसंच असायला हवं होतं ना? तू शब्द देणाऱ्यांतला नव्हतास, घेणाऱ्यांतला होतास. हे मला कळतं. पण पुन्हा पुन्हा पान उलटून मी तुलाच शोधत बसलो, हेही सांगतो.

मग वहिनींना फोन केला. पहिल्यांदाच सातच्या ऐवजी दुपारी. म्हणालो, "लिहिलं. सगळ्यांपुढे."

 पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"जागा सोडली का?"

"सोडली."

"बरं," त्या म्हणाल्या. "मंग उद्यापासून सातले तुमी फोन नका करू. मी करत जाईन."

उद्या सकाळी फोन वाजेल, दादा. तो मी उचलीन, असं धरून चाललो आहे.